अंडे तापले त्यांच्या यंत्रात, पिल्लू मेले आमच्या खात्यात



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीच्या पत्रकात कोंबडीच्या अंड्याचे काय काम, असे तुम्ही विचाराल. जरूर विचारा. रायगडच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा उतरलो तेव्हा आम्हीही स्वतःला हेच विचारत होतो. पण कपाशीला भाव नाही म्हणून गाऱ्हाणे घेऊन तालुक्याला गेलेल्या माणसाला साहेब ज्या दिवशी "जोडधंदा करा, कोंबड्या पाळा" असे सांगतो, त्या दिवशी अंडे हा आपल्या बैठकीचा विषय होतो. भाव मागितला की सल्ला मिळतो. सल्ल्याला तिजोरीतून एक पैसा जात नाही.

तर हा सल्ला ज्यांनी आपल्या आधी ऐकला, त्यांच्याकडे आम्ही गेलो. खालापूर, कर्जत, पेण, अलिबाग या पट्ट्यात भातशेतीच्या कडेने कोंबड्यांची शेडे उभी आहेत. खाली श्रीवर्धन-म्हसळ्याकडे बायकांच्या गटांनी गावठी कोंबडी धरली आहे. (तुम्ही जिला गावरान म्हणता तिलाच तिकडे गावठी म्हणतात.) या लोकांना कुणी आळशी म्हणू नये. सल्ला त्यांनी मनापासून ऐकला आणि त्याची किंमतही मोजली.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढले. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठून पोल्ट्रीवाले जमीनदोस्त झाले होतेच. उरलेले वादळाने झोपवले. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब रांगेने पडले. कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले.

प्रवासाची बंदी सैल झाल्यावर आम्ही श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावी गेलो. बचत गटाच्या बायकांनी कोपऱ्यात फडक्याखाली झाकलेले यंत्र दाखवले. कुठल्याशा योजनेतून आलेले, शंभर अंड्यांचे, काचेच्या दाराचे. वादळाच्या दिवशी त्यात अकराव्या दिवसाची अंडी होती. सकाळीच वीज गेली. बायकांनी यंत्राला गोधड्या गुंडाळल्या, दोन दिवस चुलीवरच्या गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या. आठव्या दिवशी वास सुटला, तेव्हा सगळी अंडी माडाखाली पुरली. त्याच वाडीतल्या एका आजीबाईंची कोंबडी बारा अंड्यांवर खुडूक बसली होती. पडवीचे छप्पर गेले तशी आजींनी पेंढ्याची टोपली कोंबडीसकट उचलून माजघरात नेली आणि वर सूप झाकले. बारातली नऊ फुटली. आम्हाला हे सांगताना बायका हसत होत्या. "कोंबडीला कुठं लाईट लागतो, दादा?"

या हसण्यावरून "जुने ते सोने" असा धडा कुणी काढू नये. आम्ही त्या पंथाचे नाही. कोंबडी एका वेळी दहा-बारा अंडी उबवते, त्यात तिचे २१ दिवस जातात, पुढे पिलांमागे दीड-दोन महिने अंडे देत नाही. शे-दोनशे पिले काढायची तर यंत्र लागणारच. आमचे भांडण वेगळे आहे. यंत्र दिले ते लोखंड म्हणून दिले. लोखंडाची पावती आहे, फोटो आहे, उद्घाटनाचा नारळ आहे. अंड्याला काय लागते ते मात्र कुणी सांगितले नाही. प्रशिक्षण किती, म्हणून विचारले तर अर्धा दिवस, त्यातला निम्मा सत्काराचा. सांगितले काय, तर "साडेसदतीस लावून ठेवा, बाकी मशीन बघेल."

मशीन काही बघत नाही, भावांनो. आम्ही कृषी पदवीधर आहोत. आम्हालाही पशुसंवर्धनाच्या पेपरात हा आकडा विचारला होता. ३७.५ अंश सेल्सियस लिहिले आणि पूर्ण गुण घेतले. पण तो आकडा नेमका कशाचा, हवेचा की अंड्याचा, हे ना आम्हाला शिकवले, ना आम्ही विचारले. पदवीनंतर कित्येक वर्षांनी किनाऱ्यावरच्या शेडात उकिडवे बसून ते शिकावे लागले.

साडेसदतीसचा आकडा पंख्याच्या यंत्राचा आहे. पंख्याने हवा फिरते, वरखाली सगळीकडे ऊब सारखी राहते. बचत गटांना मिळतात त्यांतल्या अनेक स्वस्त पेट्यांना पंखाच नसतो. तिथे गरम हवा वर जाते, थंड हवा खाली बसते. अशा पेटीत अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर ३८.३ ते ३८.९ अंश, म्हणजे १०१-१०२ फॅरनहाइट, लागते. तेव्हा कुठे अंड्याच्या गाभ्याला हवी ती ऊब पोहोचते. त्या पेटीत साडेसदतीस लावले म्हणजे अंडी २१ दिवस गारठ्यात ठेवली. पिले बाविसाव्या-तेविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळतात, काही कवच टोचून आतच मरतात, निघतात ती पोटाला जड आणि पायाला सुस्त. बायका म्हणतात, "आमच्या हाताला यश नाही." बायांनो, तुमच्या हाताला यश आहे. पेटी चुकीच्या आकड्यावर चालली होती.

आणि तो आकडा दाखवणारे मीटर तरी खरे आहे का? अंड्याच्या हिशेबात एक अंश म्हणजे फार मोठा फरक. ताप मोजायचे डॉक्टरी थर्मामीटर कोमट पाण्यात धरायचे, शेजारी यंत्राच्या थर्मामीटरचे टोक धरायचे आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे. पाच मिनिटांचे काम. ज्या गटांना आम्ही विचारले त्यांतल्या एकालाही हे कुणी करून दाखवले नव्हते.

आता मोठ्या यंत्रांकडे वळू, कारण खरा पैसा तिथे आहे आणि खरी लबाडीही तिथेच.

अंडे ही काही निर्जीव वस्तू नव्हे. पहिला आठवडा-दहा दिवस गर्भाला बाहेरून ऊब द्यावी लागते. त्यानंतर तो स्वतः उष्णता टाकू लागतो. अठराव्या दिवसाला एक अंडे साधारण ०.१४ वॅट उष्णता बाहेर टाकते. एकाचे काही वाटणार नाही, पण पन्नास हजार अंड्यांच्या यंत्रात ती सुमारे सात किलोवॅट होते. म्हणजे सात शेगड्या पेटवून दार लावून घेतल्यासारखे. त्या वेळी यंत्राचे काम तापवण्याचे उरत नाही, थंड करण्याचे होते. पंखा कमी पडला, पाण्याची गारवा देणारी नळी तुंबली, ट्रे गच्च भरले, तर बाहेरच्या फलकावर साडेसदतीस दिसत राहते आणि मधल्या ट्रेमधल्या अंड्याचे कवच ३९ च्या वर गेलेले असते. विजेचा पंखा बंद पडला तर अठराव्या दिवसाच्या अंड्यांना गारठ्याचा धोका नंतरचा, आधी आपल्याच उष्णतेने उकडण्याचा धोका. म्हणून जाणता माणूस वीज गेल्यावर मोठ्या यंत्राचे दार उघडतो आणि नेणता घट्ट लावून घेतो.

गर्भ थोडी थंडी सहन करतो. कोंबडीसुद्धा दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते, दाणे टिपते, शिटते, परत बसते. तेवढ्याने अंड्याचे काही बिघडत नाही. जास्तीची ऊब मात्र सोसत नाही. हॉलंडमध्ये २००५ साली लौरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंड्याच्या कवचाचेच तापमान धरून प्रयोग केले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कवच ३७.८ अंशांवर ठेवले तिथे उबवण सर्वांत चांगली निघाली. नंतरच्या प्रयोगांत, दुसऱ्या आठवड्यापासून कवच ३८.९ वर गेलेल्या अंड्यांतून निघालेल्या पिलांचे हृदय लहान भरले आणि पुढे वाढताना पोटात पाणी होऊन मरणारे पक्षी वाढले. सगळा फरक एका अंशाचा! पिल्लू बाहेर येते, चालते, दाणाही खाते. यंत्राने केलेला घात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो. तोवर ते कुणाच्या शेडात असते? आपल्या.

इथे करार पोल्ट्रीचा हिशेब समजून घ्या, कारण तुमच्या जिल्ह्यातही हे गृहस्थ येणार आहेत, काही ठिकाणी आलेच आहेत. कंपनी एक दिवसाचे पिल्लू देते, खाद्य देते, औषध देते. आपण शेड, तूस, पाणी, वीज आणि घरातल्या दोन माणसांची चाळीस दिवसांची रात्रपाळी देतो. पक्षी उचलताना किलोमागे वाढवणुकीचा दर मिळतो. मर किती झाली आणि किलोभर मांसाला खाद्य किती लागले, यावर त्या दरात कपात होते. ऐकायला न्याय्य वाटते. पण पहिल्या आठवड्यात मेलेली पिले कुणामुळे मेली? नाभी उघडी राहिलेली, नाभीला काळी खपली किंवा दोरा लोंबणारी, घोटे लाल झालेली पिले खोक्यातूनच तशी येतात. ती बहुधा जास्त तापलेल्या किंवा निघाल्यावर तासन् तास हॅचरमध्ये सुकत पडलेल्या अंड्यांची असतात. त्यांच्या पोटातला पिवळा बलक सडतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रांग लागते. सुपरवायझर येतो, शेडात फिरतो, नाक मुरडतो आणि वहीत लिहितो: "व्यवस्थापन कमी."

आपलीही चूक असू शकते, ती लपवणार नाही. एक दिवसाच्या पिलाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. पहिले काही दिवस त्याला ३२-३४ अंशांची ऊब लागते. ब्रूडर थंड ठेवून पिले मारणारे पोल्ट्रीवाले आम्ही पाहिले आहेत, त्यांची वकिली आम्ही करणार नाही. अंडी देणाऱ्या मातृकळपाचे वय, अंडी किती दिवस साठवली, टेम्पो किती तास उन्हात थांबला, ही कारणेही असतात. म्हणूनच तर कागद हवा. आज कुठला दोष कुणाचा हे ठरवायला लागणारी प्रत्येक नोंद एकाच पक्षाच्या कपाटात आहे. यंत्रातल्या तापमानाची नोंद होते. न फुटलेली अंडी फोडून पाहतात: रक्ताचे कडे दिसले तर पहिल्या आठवड्यातला मृत्यू, पिसे आलेला गर्भ दिसला तर शेवटच्या आठवड्यातला, टोचून मेलेला असेल तर हॅचरमधला. चांगल्या हॅचरीत हे सगळे वहीत असते. त्या वहीवरून हॅचरीवाला आपले यंत्र दुरुस्त करतो. ती वही आपल्याला दाखवली असती तर सुपरवायझरची वही दुरुस्त झाली असती.

कापूसवाल्यांनो, तुम्हाला हे नवीन नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवणीची टक्केवारी का छापतात? कंपन्यांना दया आली म्हणून नाही. १९६६ चा बियाणे कायदा आहे म्हणून. अधिसूचित वाणाच्या पिशवीला उगवण आणि शुद्धता सांगणारे लेबल असलेच पाहिजे. त्या कायद्याला भोके किती आहेत ते दुबार पेरणी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरीही लेबल हातात असते म्हणून पंचनामा मागता येतो. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक मंचात जाता येते. आता करार पोल्ट्रीवाल्याची गंमत पाहा. पिल्लू त्याने विकत घेतलेलेच नसते. ते कागदोपत्री कंपनीचे. म्हणजे आपण ग्राहकही नाही. मालक ते, मूल त्यांचे, आणि मेले की सुतक आपल्याला!

आम्ही किनाऱ्यावरच्या शेडांमध्ये पिलांची खोकी उलटीपालटी करून पाहिली. नाव होते, नग होते, जात होती. अंडी यंत्रात कधी ठेवली, पिले कोणत्या तासाला काढली, मातृकळप किती आठवड्यांचा होता, शंभरातली किती अंडी फुटली, यांतले एक अक्षर नव्हते. ज्वारीच्या चार किलोच्या पिशवीला जेवढे लेबल लागते तेवढेही जिवंत पिलांच्या खोक्याला नाही.

कुणी म्हणेल, उबवणीची हमी कोण देणार, ते निसर्गाच्या हातात. खोटे आहे. इजिप्तमध्ये शेकडो वर्षे मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवत आले. ना वीज, ना थर्मामीटर. भट्टीवाला अंडे पापणीला लावून ऊब ओळखायचा. फ्रान्सच्या रेओम्युर नावाच्या शास्त्रज्ञाने १७४९ साली या विषयावर ग्रंथच लिहिला. तिथला भट्टीवाल्याचा व्यवहार असा होता की अंडी देणाऱ्याला तीन अंड्यांमागे दोन पिले परत द्यायची. जास्त फुटली तर ती भट्टीवाल्याची, कमी फुटली तर तूटही त्याचीच. ज्याच्या हातात ऊब, त्याच्या डोक्यावर जोखीम. पापणीने तापमान मोजणारा माणूस ही हमी देत होता. संगणकावर दशांशापर्यंत तापमान पाहणाऱ्याला ती देता येत नाही, हे आम्ही कसे मानावे?

आणि विजेशिवाय यंत्र चालत नाही हेही पूर्ण खरे नाही. बंगालकडे आणि बांगलादेशात भाताच्या तुसात अंडी उबवण्याची रीत आहे. बांबूच्या नळकांड्यांभोवती तूस भरायचे, अंडी फडक्यात बांधून आत ठेवायची, सुरुवातीला कंदिलाची ऊब द्यायची. दहा-बारा दिवसांची अंडी झाली की त्यांच्याच अंगची ऊब शेजारच्या ताज्या अंड्यांना द्यायची. कोकणात तुसाचे ढीग आहेत. त्या श्रीवर्धनच्या गटाला काचेच्या पेटीबरोबर हेही कुणी दाखवले असते तर वीज गेल्यावर हाताशी दुसरी वाट असती. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून गावठी कुक्कुटपालनाला, उबवणीसकट, निम्मे भांडवली अनुदान ठेवले, वरची मर्यादा २५ लाख. आकडा मोठा आहे. त्याने पेटी येते. ऊब टिकवण्याची विद्या त्याच ट्रकमधून येईल असे धरून चालू नका.

किनाऱ्यावरची आणखी एक गोष्ट, कारण आम्हाला तिथे ती विचारली गेली. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाळूत कासवे अंडी घालतात. त्यांची अंडी जपणारी केंद्रे आहेत. कासवात वाळू जास्त तापली की माद्या जास्त निघतात. हे ऐकून एका तरुणाने विचारले, मग यंत्र थोडे जास्त तापवले तर तलंगा जास्त निघतील का? नाही. कोंबडीत नर की मादी हे आईच्या बीजातच ठरते, अंडे घालण्याच्याही आधी. तापमान वाढवून फक्त मढी वाढतात. टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो ही समजूतही सोडा. आणि दुकानातली अंडी यंत्रात ठेवू नका, त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो.

आता तुमच्या घरची गोष्ट. किनाऱ्यावर मे महिन्यात पारा क्वचितच चाळिशीला पोहोचतो. अकोला, अमरावती, यवतमाळला तो ४५ च्या पुढे जातो. गर्भाची वाढ साधारण २१ ते २४ अंशांच्या खाली थांबते. म्हणजे तुमच्या घरात एप्रिल-मे मध्ये टोपलीत पंधरा दिवस जमवलेली अंडी कोंबडीखाली जाण्याआधीच अर्धवट वाढून मेलेली असतात. मग कोंबडी २१ दिवस मढ्यावर बसते आणि आपण म्हणतो कोंबडी वाईट. उन्हाळ्यात अंडी पाच-सहा दिवसांपलीकडे जमवू नका. ओल्या वाळूत बसवलेल्या माठात, टोक खाली करून, तोंडाला ओले फडके बांधून ठेवा, पण अंड्याला पाणी लागू देऊ नका. अंडी धुऊ नका. कोंबडी अंधार पडल्यावर बसवा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडे धरा. लाल शिरांचे जाळे दिसले तर ठेवा, नुसते पिवळे दिसले तर काढा.

हे काम घरातल्या बाईचे आणि तो पैसाही तिचा. जत्रेला, पोराच्या वहीला, दवाखान्याच्या एसटीला तोच पैसा लागतो. म्हणून या विषयावरच्या चर्चेला मायबहिणींनी पुढच्या रांगेत बसावे. नुसती पुरुषांची बैठक झाली तर आम्ही विषय पुढे ढकलू.

जिल्हा बैठकीत ठराव मांडायचा आहे. पिलांच्या प्रत्येक खोक्यावर अंडी ठेवल्याची तारीख, पिले काढल्याची तारीख आणि वेळ, मातृकळपाचे वय, त्या खेपेची उबवण टक्केवारी छापली पाहिजे. पहिल्या सात दिवसांची मर वाढवणाऱ्याच्या खात्यातून वगळली पाहिजे, आणि त्यात ब्रूडरचा दोष आहे असे कंपनीचे म्हणणे असेल तर तिने आपल्या यंत्राची वही टेबलावर ठेवून ते सिद्ध करावे. अनुदानातून यंत्र देणाऱ्याने त्यासोबत वीज गेल्यावरची सोय द्यावी आणि पूर्ण २१ दिवसांचे, म्हणजे एका खेपेचे, प्रशिक्षण द्यावे. करार पोल्ट्रीवाल्यांनी गेल्या दोन खेपांची बिले, मरीची कागदे आणि पिलांचे एक रिकामे खोके घेऊन यावे. ज्यांच्या गटाला यंत्र मिळाले आहे त्यांनी त्याचा थर्मामीटर काढून आणावा. डॉक्टरी थर्मामीटर आणि कोमट पाण्याची बादली आम्ही तयार ठेवतो.